बारा वर्षं टेस्टोस्टेरॉन घेतोय, आता रक्त दाट झालंय. पुण्यात कोणाला अनुभव?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी. वय ४७, राहणार पर्वती पायथा, नोकरी चाकणला टूलरूममध्ये, फिरती पाळी. २०१३ साली पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी) गाठ नाकातून काढली. गाठ गेली, पण जाताना ग्रंथीचं निम्मं कामकाज सोबत घेऊन गेली. तेव्हापासून सकाळी थायरॉईडची गोळी, दिवसातून दोनदा हायड्रोकॉर्टिझोन (शरीराला कमी पडणाऱ्या कॉर्टिसोलच्या जागी) आणि दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन एनन्थेटचं २५० मिलीग्रॅमचं इंजेक्शन. एक तप झालं. हे हौसेचं औषध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण मेडिकलमधला पोरगा अजूनही चिठ्ठी वाचतो, माझ्या पोटाकडे बघतो आणि विचारतो, "काका, जिम कुठली?"

पहिली पाच-सहा वर्षं सगळं शिस्तीत होतं. मग आमचे डॉक्टर निवृत्त झाले, पाठोपाठ कोविड आला. त्यानंतर माझा फॉलो-अप म्हणजे गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांचा कंपाउंडर. शनिवारी संध्याकाळी जायचं, खाली कुशीवर वळायचं, टोचून घ्यायचं, पन्नास रुपये ठेवायचे. इंजेक्शन एकदाही चुकवलं नाही आणि तपासणी एकदाही केली नाही.

गेल्या महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी झाली. हिमोग्लोबिन १८.६, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) ५६. फॅक्टरीच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "सिगरेट किती?" एकही नाही म्हटल्यावर त्यांना इंजेक्शनचं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मूळ डॉक्टरांना गाठा.

आता मागे वळून बघितलं तर खुणा होत्या. इंजेक्शननंतरचे पाच-सहा दिवस चेहरा लालबुंद, डोकं जड, पाठीवर विशीतल्यासारखे फोड. मधला आठवडा माणसासारखा. तिसऱ्या आठवड्यात पार गळाठा, आणि चिडचिड अशी की घरात भांडं वाजलं तरी खटका उडायचा. बायको कालनिर्णयवर इंजेक्शनच्या तारखेला निळ्या पेनाने गोल करते. मला वाटायचं माझ्या लक्षात राहावं म्हणून करते. परवा कळलं, तिसऱ्या आठवड्यात पाहुणे बोलवायचे नाहीत म्हणून करते.

कोणीतरी म्हणालं, रक्तदान कर, आपोआप कमी होईल. गेलो एका रक्तपेढीत. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात खरं ते लिहिलं. बाईंनी वाचलं, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "चहा-बिस्कीट घ्या, पण रक्त नको."

एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोनतज्ज्ञ) वेळ पुढच्या सोमवारी मिळाली आहे. तोवर हे वाढलेलं हिमॅटोक्रिट खाली आणलंय असं कोणी आहे का? इंजेक्शन बंदच करावं लागतं का? छातीच्या एका बाजूला हात लागला तरी दुखतंय, त्यावर भाच्याच्या जिममधला एकजण ॲनास्ट्रोझोलची (शरीरातलं एस्ट्रोजेन कमी करणारी) गोळी घ्या म्हणतोय. आणि याने हृदयाला धोका असतो म्हणतात, त्यात खरं काय समजायचं?

आजीचा_बटवा

रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून. रक्त पातळ होतं. आमच्या सासऱ्यांना गुण आला.

स्लाइडवाली

साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. पण रोज शंभरेक सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट) डोळ्यांखालून जातात म्हणून लिहिते.

बटवाताई, लसूण फोडणीत छान. पण "रक्त दाट" हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, दुसरी म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचीच गर्दी. यांचं प्रकरण दुसरं आहे. टेस्टोस्टेरॉन थेट आणि मूत्रपिंडाकरवीही हाडांतल्या मगजाला पेशी बनवायचा हुकूम देतं, लोहही जास्त मोकळं करून देतं. लसूण काय किंवा ॲस्पिरिन काय, त्याने पेशींची संख्या कमी होत नाही.

पर्वतीकाका, आधी एक विचारते. रक्त कधी दिलंत? रात्रपाळी करून, बसमधून उतरून, बारा तास उपाशी आणि पाणीसुद्धा न पिता दिलं असेल तर आकडा चढतोच. उपाशी म्हणजे पाण्याविना, असा निम्म्या लोकांचा समज आहे. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं शीर शोधत बसलं तरी चढतो. म्हणून आदल्या दिवशी नीट पाणी पिऊन, झोप झाल्यावर एकदा परत करा. मात्र त्याने ५६ चे ४६ होतील या आशेवर राहू नका. एकदोन इकडेतिकडे होईल. ५४ च्या वर गेलं की डोस थांबवून कारण शोधायचं, असा एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांचा दंडक आहे.

टेस्टोस्टेरॉनची पातळी मोजायला जाल तेव्हा आधीच्या इंजेक्शनची तारीख चिठ्ठीवर लिहून न्या. एनन्थेटला दोन इंजेक्शनांच्या बरोब्बर मधल्या दिवशी रक्त द्यायचं. टोचल्यावर दोन दिवसांनी दिलं तर आकडा आकाशात, विसाव्या दिवशी दिलं तर पाताळात. दोन्ही रिपोर्ट खरे आणि दोन्ही निरुपयोगी.

सत्तेचाळीस_गुणसूत्रं

तुमचं वय ४७, माझी गुणसूत्रं ४७, म्हणजे नेहमीपेक्षा एक जास्त. क्लाइनफेल्टर म्हणतात त्याला. मूल होईना म्हणून तपासण्या केल्या तेव्हा ३६ व्या वर्षी कळलं. आता ५८ पूर्ण. राहतो धायरीला, टेस्टोस्टेरॉन घेतोय बावीस वर्षं.

तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट वाचून थांबलो. पहिला आठवडा लालबुंद, तिसरा गळाठा. २५० चा डोस एकदम आत जातो, तेव्हा पातळी गरजेच्या कितीतरी वर उडते आणि तिसऱ्या आठवड्यात तळाला बसते. मगजाला हुकूम मिळतो तो त्या वरच्या टोकाला. तोच डोस छोटा करून दर आठवड्याला घेतला, किंवा जेल लावलं, तर हे डोंगरदऱ्या सपाट होतात. जेलवर रक्त वाढण्याचं प्रमाण इंजेक्शनपेक्षा कमी. मी स्वतः गेली काही वर्षं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट या सावकाश मुरणाऱ्या इंजेक्शनवर आहे, १००० मिलीग्रॅम, दर बारा आठवड्यांनी. चार मिली एरंडेल तेल कुल्ल्यात जातं, दोन मिनिटं लावून हळूहळू द्यावं लागतं. एकदा नवीन सिस्टरने घाईत दिलं तर अशी खोकल्याची उबळ आली की वाटलं संपलं. तेलाचे कण फुप्फुसात गेले की होतं तसं. म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसतो, सकाळ पेपर वाचून काढतो. बाजारात टेस्टोस्टेरॉनच्या चार प्रकारांचं (एस्टरचं) मिश्रणही मिळतं, ते शेंगदाण्याच्या तेलात असतं. दाण्याची ॲलर्जी असेल त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता खरं सांगायचं ते. माझं हिमॅटोक्रिट दोनदा ५५ वर गेलं. पहिल्यांदा डोस कमी केला, उतरलं. दुसऱ्यांदा डोस कमी करूनही हलेना. मग डॉक्टरीणबाईंनी मला काही न विचारता बायकोला विचारलं, "हे घोरतात का?" बायको हसायलाच लागली. स्लीप स्टडी केली तर रात्रभर श्वास अडकत होता, म्हणजे स्लीप ॲप्निया. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आपणहून पेशी वाढवतं, त्यात टेस्टोस्टेरॉनची भर, आणि टेस्टोस्टेरॉनने हा आजारही बळावू शकतो. सीपॅपचं (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) मशीन लागलं, पहिले पंधरा दिवस हत्तीची सोंड लावून झोपल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांत ४९. तुम्ही घोरता का?

छातीचं दुखणं हसण्यावारी नेऊ नका, पण त्या जिमवाल्याचंही ऐकू नका. जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीरात एस्ट्रॅडिऑल (एस्ट्रोजेनचाच प्रकार) बनतं, त्यामुळे दुखतं. बहुतेक वेळा डोस ताळ्यावर आला की तेही येतं. ॲनास्ट्रोझोलने एस्ट्रॅडिऑल पार खाली ढकललं तर हाडं ठिसूळ होतात, पुरुषांच्याही हाडांना ते लागतं. गाठ हाताला लागत असेल तर तपासूनच घ्या. क्लाइनफेल्टरवाल्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांहून जास्त, म्हणून मी याबाबत जरा खडूस आहे.

हृदयाबद्दल: २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले ५,२०० हून जास्त पुरुष. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना नुसतंच जेल. हार्ट अटॅक, पक्षाघात यांत फरक नव्हता. पण ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला इजा हे औषधवाल्यांत थोडं जास्त दिसलं. मी यातून एवढाच अर्थ काढला की घाबरून सोडायचं नाही, पण पोटरी एका बाजूने सुजली किंवा दम लागला तर उद्यावर ढकलायचं नाही. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी चाळिशीनंतर करत राहा. वर्षाच्या आत १.४ ने उडी मारली किंवा ४ च्या वर गेला तर युरोलॉजिस्ट.

आणि तुम्ही पिट्युटरीवाले आहात म्हणून हात जोडून सांगतो. "इंजेक्शन थांबवा" असं डॉक्टर म्हणाले तर फक्त टेस्टोस्टेरॉनचं थांबवायचं. हायड्रोकॉर्टिझोन एक दिवससुद्धा नाही. घरच्यांना हे लिहून द्या. आमच्या ओळखीत एकाच्या भावाने "सगळीच हार्मोन बंद" असा अर्थ घेतला आणि तिसऱ्या दिवशी माणूस आयसीयूत.

हडपसरकर_३३

थोडं विषयांतर. मला साडेतीन वर्षांपूर्वी नुसत्या थकव्यावर एका वेलनेस क्लिनिकमध्ये हेच इंजेक्शन सुरू केलं. पातळी एकदाच मोजली, तीही दुपारी चार वाजता. कोणी विचारलं नाही की लग्न ठरलंय का. दीड वर्षाने वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोपच बंद होतो, हे मला तेव्हा कळलं. बंद करून एचसीजी (वृषणांना तो निरोप देणारं इंजेक्शन) घेतलं, परत यायला चौदा महिने लागले. आता बायकोला सातवा महिना आहे. धागा वाचणाऱ्या पोरांनो, मूल हवं असेल तर सुरू करण्याआधी बोला.

स्लाइडवाली

हडपसरकर, अभिनंदन. आणि हो, टेस्टोस्टेरॉनची पहिली तपासणी सकाळची, उपाशीपोटी, आणि कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत. दुपारी चारचा आकडा पाहून आयुष्यभराचं औषध कसं काय सुरू करतात!

काका, डोस थांबवूनही पेशी उतरल्या नाहीत तर डॉक्टर जेएके२ या जनुकाची तपासणी सांगतील. मगजाचा मूळचाच आजार नाही ना हे पाहायला असते. नाव बघून गुगल करत बसू नका.

पर्वती_पायथा

सव्वातीन महिन्यांनी लिहितोय. उशिराबद्दल माफी, मध्ये गणपती होते.

गुणसूत्रंदादा, तुम्ही विचारलंत त्या रात्री बायकोने मोबाइलवर माझं घोरणं रेकॉर्ड केलं. सकाळी ऐकवलं. मध्ये मध्ये एकदम शांतता, मी आकडे मोजले, एका ठिकाणी तेवीस सेकंद. मग घुसमटल्यासारखा आवाज. मी ते रेकॉर्डिंग तसंच एंडोक्रायनॉलॉजिस्टना ऐकवलं. त्यांनी लगेच स्लीप स्टडी लिहून दिली. मध्यम स्वरूपाचा ॲप्निया निघाला, सोंड मलाही लागली आहे. रात्रपाळीनंतर दिवसा लावून झोपायचं म्हणजे दारावरची बेल काढून ठेवावी लागते.

पाणी पिऊन, झोप काढून परत केलेली सीबीसी: ५४.८. म्हणजे ताई, तुम्ही म्हणालात तेवढीच घट. इंजेक्शन थांबवलं. एकदा ३५० मिली रक्त काढलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, दान म्हणून नाही. वारंवार काढायला डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, लोहाचा साठा रिकामा होतो आणि मूळ कारण तिथेच राहतं. पेशी चार महिने जगतात, त्यामुळे आकडा सावकाश उतरतो. आठ आठवड्यांनी ५०.

ते आठ आठवडे वाईट गेले. पर्वतीच्या पायऱ्या अर्ध्यातच बसून काढायचो, कामावर मायक्रोमीटरचं रीडिंग दोनदा घ्यायचो. हायड्रोकॉर्टिझोन चालू ठेवलं, कागद फ्रिजवर चिकटवला होता. छाती दुखायची थांबली, गाठ नव्हती. पीएसए १.१.

आता जेलवर आहे. रोज सकाळी आंघोळीनंतर एक पाकीट, ५० मिलीग्रॅम, दोन्ही खांद्यांवर. वाळेपर्यंत उघडाच बसतो, मग बनियन, शर्ट, आणि साबणाने हात. मोठी कटकट म्हणजे भावाचा चार वर्षांचा मुलगा. तो रोज सकाळी माझ्या खांद्यावर चढून देवघरातली घंटा वाजवायचा. लहान मुलांच्या आणि बायकांच्या अंगाला हे लागलं तर त्यांच्यात पुरुषी बदल दिसू लागतात, म्हणून आता आधी घंटा, मग आंघोळ, मग जेल. टॉवेल वेगळा. खर्च इंजेक्शनच्या कितीतरी पट, ते बोलायलाच नको.

कंपाउंडर परवा रस्त्यात भेटला, "काय, दिसला नाहीत शनिवारी?" म्हणाला. कालनिर्णयवरचे निळे गोलही बंद झाले. बायकोची तक्रार आहे की आता भांडणाची तारीख आधी कळत नाही.

पुढची सीबीसी डिसेंबरमध्ये. सीपॅपचा मास्क नाकाच्या हाडाला टोचतो, त्यावर कोणी काय केलंय ते सांगा.