मदत हवी आहे: दिघी ते विजयदुर्ग, दोघंच, छोटी शिडाची बोट. खाडीत शिरायची वेळ कशी ठरवता?

नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायको भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले, धानवाले. समुद्र इथून आठ-नऊशे किलोमीटर. हे पंधरा वर्षं नौदलात होते, आता शेती करून राहिले. मी मोठं पाणी पाहिलं ते वैनगंगेचं आणि गोसेखुर्दच्या धरणाचं. यांनी जुन्या डोंग्याला ताडपत्रीचं शीड बांधून मला तिथंच शिकवलं. ढिवरभाऊ जाळी टाकायची थांबवून बघत बसायचे.

तीन वर्षांपूर्वी 23 फुटी सेकंडहँड बोट घेतली. एक डोलकाठी, दोन शिडं, मागे छोटं इंजिन, आणि खालचा कणा साडेतीन फूट पाण्यात जातो. पावसाळ्यात ती दिघीजवळ एका कोळीकाकांकडे टेकू लावून उभी असते. धान चुरून झालं की आम्ही विदर्भ एक्सप्रेस धरतो. सासूबाईंचा दरवर्षी एकच प्रश्न, "एवढं धरणाचं पाणी कमी पडते काय वो तुले?"

मागच्या जानेवारीत मांडवा ते दिघी केलं. सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारी वायव्येचा खारा वारा लागला की शीड भरून दक्षिणेकडे. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले हे दोन वारे असे घड्याळ लावल्यासारखे खरंच येतात, हे मला चाळिशीत कळलं. उलट्या झाल्या, पण पहिले दोनच दिवस.

घोळ झाला रेवदंड्याला. पौर्णिमा होती. दुपारी बाराच्या सुमारास कुंडलिकेच्या खाडीत शिरलो, दोरीला शिसं बांधून मोजलं, बारा फूट पाणी. नांगर टाकला, पिठलं टाकलं. चार वाजता बोट हळूच एका बाजूला कलली आणि पिठल्याचं भांडं माझ्या मांडीवर. खाली चिखल! नौदलातला माणूस माझ्याकडे बघेना. (मोठ्या जहाजावर हे बघायचं काम दुसऱ्याचं होतं म्हणे.) रात्री पाणी परत चढेपर्यंत आम्ही भिंतीला टेकून बसलो, कारण भिंतच जमीन झाली होती. धरणाचं पाणी उतरायला उन्हाळा लागतो. इथं एका दुपारीत उतरलं.

नंतर कोळीकाकांनी सांगितलं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पंचांग तर आमच्या घरी खिळ्यालाच टांगलेलं असतं!

आता या जानेवारीत विजयदुर्गापर्यंत जायचं आहे. दिघी ते हर्णै सुमारे 28 सागरी मैल होतात, म्हणजे आमच्या 4 नॉटच्या (ताशी 4 सागरी मैल) चालीने सात तास. पुढे दाभोळ, जयगड, रत्नागिरी. विचारायचं आहे ते हे:

पाऊणपटीचा हिशेब खाली रत्नागिरी-विजयदुर्गाकडेही चालतो का? खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत म्हणतात, तिथं शिरायला नेमकी कोणती वेळ? आणि नांगराची दोरी किती सोडता? आम्ही अंदाजानेच सोडली होती.

प्रतिसाद: ताई, पिठल्याबद्दल वाईट वाटलं. हिशेब चालतो, पण दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते आणि चढउतारही कमी होत जातो. मुंबईकडे उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) पाणी चार मीटरपर्यंत हलतं, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास. म्हणून पंचांगावर दिवस ठरवा, वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बघा. खाडीत पूर्ण भरतीला शिरू नका. चढत्या पाण्यात शिरा, भरतीच्या तासदीड तास आधी. टेकलात तर पाणीच उचलेल. भरतीनंतर टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथंच. आणि दुपारचा वायव्य वारा आत येत असताना ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल तर दांड्यावर लाटा फुटतात, तेव्हा बाहेरच थांबलेलं बरं.

प्रतिसाद: नांगराचं सांगतो. खोली मोजायची ती भरतीच्या वेळची, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची. सगळी साखळी असेल तर त्याच्या चार-पाच पट, दोरी असेल तर सात पट. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला राहता येतं, पण वारा वाढला की बोट रात्रभर लोळते, ताईंच्या पोटाचा विचार करा. जयगडला शास्त्रीच्या खाडीत आणि विजयदुर्गाला वाघोटणच्या खाडीत आत गेलात की निवांत. आधार कार्डं जवळ ठेवा, सागरी पोलीस विचारतात. तटरक्षक दलाचा नंबर 1554, वायरलेस असेल तर चॅनेल 16.

धागाकर्ती: दोघांचेही आभार भाऊ. यांना वाचून दाखवलं. "मले माहीत होतं" म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. मी पंचांगात खुणा केल्या आहेत, पौर्णिमा-अमावास्येच्या मागचेपुढचे दोन दिवस सोडून. रात्रीचा प्रवास मुळीच नाही हेही ठरलं. एकच राहिलं: पहाटे अंधारात निघताना मासेमारीच्या डोल जाळ्यांचे पाण्यात रोवलेले खुंट दिसत नाहीत. मागच्या वेळी जाळ्याच्या एका बोयाची दोरी इंजिनाच्या पंख्यात अडकली आणि यांना दातात सुरी धरून पाण्यात उतरावं लागलं. उजाडेपर्यंत थांबलं तर मतलई वाऱ्याचे दोन तास जातात. तुम्ही काय करता?