लोड बॅलन्सरला स्टॅटिक आयपी घ्यायचा की टेम्पररीवर भागवायचं?

बंड्या_भांडुप:
आमच्याकडे दर नव्या प्रोजेक्टला हाच वाद होतो म्हणून एकदाचा इथे काढतोय. ऑफिस सीप्झला, क्लायंट बहुतेक बँका नि एनबीएफसी (बिगरबँक फायनान्स कंपन्या). आमचे आर्किटेक्ट साहेब म्हणतात लोड बॅलन्सर (येणारा ट्रॅफिक सर्व्हरमध्ये वाटणारा) उभा केला की स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटवरचा पत्ता) रिझर्व्ह झालाच पाहिजे, मग तो प्रॉडक्शनचा असो नाहीतर डेव्हचा (डेव्हलपरच्या कामाचा), जो रात्री आपण पाडूनच टाकतो. मला हे पटत नाही. लोकांना नाव द्या, आकडा (म्हणजे आयपी) आपल्याकडे ठेवा, तो टेम्पररी असला म्हणून काय बिघडलं? टेम्पररी म्हणजे सकाळी एक नि संध्याकाळी दुसरा असं काहींच्या डोक्यात बसलंय. गुगल क्लाउडवर इफेमेरल (म्हणजे हाच टेम्पररी) आयपी फॉरवर्डिंग रूलला, म्हणजे ट्रॅफिक लोड बॅलन्सरकडे वळवणाऱ्या नियमाला, चिकटलेला असतो, रूल आहे तोवर आयपी तोच, मागचे सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट करा. आणि एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) एएलबीला, म्हणजे वेब रिक्वेस्ट वाचून वाटणाऱ्या लोड बॅलन्सरला, तर फिक्स आयपी देताच येत नाही, डीएनएस नाव मिळतं (ज्यावरून आकडा शोधला जातो), त्यामागचे आकडे लोडप्रमाणे बदलतात आणि अख्खं जग त्यावर चालतंय. फक्त आकड्यासाठी एएलबी सोडून एनएलबी (नुसतं कनेक्शन पुढे ढकलणारा) घेणारे नि मग पाथ राउटिंग (यूआरएलप्रमाणे वाटणं) गेलं, वॅफ (वेब फायरवॉल) लागत नाही म्हणून रडणारे लोक बघितलेत मी.

बीकेसी_नाइटशिफ्ट:
"रूल आहे तोवर" हे बोलायला सोपं आहे रे. रूल डिलीट कोण करतं? माणूस नाही करत, टेराफॉर्म (कोडवरून क्लाउड उभारणारं टूल) करतं. कोणीतरी पोर्ट रेंज बदलतो, त्याच्या प्लॅनमध्ये (काय बदलणार त्या यादीत) एका ओळीत लिहिलेलं असतं की रिप्लेस होणार, ते दीडशे ओळींच्या खाली असतं, रिव्ह्यू करणारा लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर अप्रूव्ह करतो, रूल पडतो, नवा बनतो, आकडा नवा. जुना परत मागायची सोय नाही, तो पूलमध्ये गेला. आणि गुगलवर फॉरवर्डिंग रूलला लावलेल्या स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे पण नाहीत, नुसता पडून राहिला तर लागतात. मग घेऊन ठेवायला काय जातं? टेम्पररी आयपी क्लायंटला देणं म्हणजे अकरा महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सवरच्या खोलीचा पत्ता लग्नपत्रिकेवर छापणं.

दिवा_स्लो:
गुगलचं ठीक आहे, एडब्ल्यूएसवर जातंच ना काहीतरी. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर, वापरात असो वा नसो. महिन्याला साधारण ३.६५ डॉलर एका आकड्याचे. तीन झोन (एकाच रीजनमधली वेगळी डेटा सेंटर) धरले तर एका लोड बॅलन्सरला तीन आकडे. डेव्ह, टेस्ट, यूएटी (क्लायंटची चाचणी) सगळीकडे हेच केलंत तर फायनान्सवाला विचारणारच.

बीकेसी_नाइटशिफ्ट:
अरे पण तो चार्ज पब्लिक आयपीव्ही४ चा आहे, स्टॅटिकचा नाही. एएलबीचे बदलते आकडेसुद्धा त्याच रेटने मोजले जातात. पैशाचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच, तो बाद.

दिवा_स्लो:
मान्य, पैसे सोडा. लिमिटचं काय? इलास्टिक आयपी (एडब्ल्यूएसचा स्टॅटिक) डिफॉल्टमध्ये एका रीजनला (मुंबईसारख्या एका ठिकाणाला) पाचच मिळतात. तीन झोनचा एक एनएलबी उभा केला की दोन उरले, दुसऱ्या एनएलबीलाच लिमिट वाढवायचं तिकीट टाकायला लागतं. साहेबांचं "सगळ्यांना स्टॅटिक" इथेच अडकतं.

मुलुंड_चेकनाका:
मी पलीकडच्या बाजूला बसते, बँकेच्या नेटवर्क टीममध्ये, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. आमच्या डेटा सेंटरमधून तुमच्या एपीआयला कॉल जायचा तर फायरवॉलवर आउटबाउंड रूल लागतो. त्याला फॉर्म, मग सिक्युरिटीची सही, मग चेंज बोर्ड, मग शनिवारी रात्रीची विंडो. तुमचा आकडा बदलला की हे सगळं पुन्हा. तुम्ही लोक म्हणता फायरवॉलमध्ये नाव टाका ना. टाकलंय आम्ही. फायरवॉल नाव स्वतः रिझॉल्व्ह करून (नावावरून आकडा काढून) काही वेळ धरून ठेवतो, आणि आमचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर तेच नाव वेगळ्या वेळी रिझॉल्व्ह करतो. एएलबीच्या नावाचा टीटीएल (उत्तर धरून ठेवायची मुदत) ६० सेकंदांचा. दोघांच्या हातात वेगवेगळे आकडे आले की कॉल ड्रॉप, मग दोन मिनिटांनी आपोआप सुरू, आणि लॉगमध्ये धड काही सापडत नाही. असली अर्धवट बंद पडणारी लाइन पूर्ण बंद लाइनपेक्षा वाईट. आम्हाला आकडे द्या, दोन द्या चार द्या, पण तेच ठेवा.

बंड्या_भांडुप:
ताई, तुमच्यासारख्या क्लायंटला स्टॅटिक द्यायला माझी कधीच ना नाही. पुढे एनएलबी, त्याला इलास्टिक आयपी, मागे टार्गेट म्हणून एएलबी, हे २०२१ पासून सरळ जमतं, वॅफ आणि पाथ राउटिंग दोन्ही राहतं. नाहीतर ग्लोबल अ‍ॅक्सिलरेटर, ती एडब्ल्यूएसचीच सेवा, त्यात दोन फिक्स आकडे मिळतात. माझा विरोध सरसकटला आहे. आकडा एकदा बाहेर दिला की तो कोणाच्या कॉन्फिगमध्ये, कोणाच्या एक्सेलमध्ये जाऊन बसला हे आपल्याला कळत नाही, मग उद्या मुंबई रीजनवरून हैदराबादला डीआर (संकटातली पर्यायी व्यवस्था) फिरवायचं म्हटलं की रीजनचा आकडा सोबत येत नाही आणि पन्नास जणांना मेल.

घाटकोपर_इंटरचेंज:
एक प्रकार कोणी बोललंच नाही. एका मोठ्या पार्टनरचा प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) होता एनजिनएक्स या सॉफ्टवेअरवर, प्रॉक्सी पासमध्ये (कुठे पाठवायचं त्या सेटिंगमध्ये) आमचं एएलबीचं नाव सरळ लिहिलेलं. एनजिनएक्स ते नाव स्टार्ट होताना एकदा रिझॉल्व्ह करतो आणि रीलोड होईपर्यंत तेच आकडे धरून बसतो. पगाराच्या दिवशी लोड वाढला, एएलबीने स्केल होताना आकडे बदलले, यांच्या बाजूला टाइमआउट. यांचा माणूस कमांड मारून दाखवतोय की नाव बरोबर रिझॉल्व्ह होतंय, कमांडमध्ये होतंच आहे, प्रॉक्सीच्या पोटात जुनं आहे त्याचं काय. शेवटी रिझॉल्व्हर डायरेक्टिव्ह टाकून नाव व्हेरिएबलमध्ये घेतलं, म्हणजे तो नाव पुन्हा पुन्हा रिझॉल्व्ह करायला लागला, तेव्हा सुटलं.

बंड्या_भांडुप:
मग ही क्लायंटची चूक झाली ना, टेम्पररी आयपीची कशी?

घाटकोपर_इंटरचेंज:
क्लायंटचीच. पण फोन मला आला.

बीकेसी_नाइटशिफ्ट:
😄 हेच म्हणतोय मी. डीएनएस नीट पाळणारे क्लायंट फक्त प्रेझेंटेशनमध्ये असतात.

लोअर_परळ_चहा:
तुम्ही सगळे आत येणाऱ्या ट्रॅफिकबद्दल बोलताय. अर्ध्या वेळा समोरचा "तुमचा आयपी द्या, व्हाइटलिस्ट करतो" (परवानगीच्या यादीत टाकतो) म्हणतो तेव्हा त्याला आपल्याकडून बाहेर जाणारा आकडा हवा असतो. तो लोड बॅलन्सरचा नसतोच, नॅट गेटवेचा (आपले सर्व्हर ज्यातून बाहेर जातात त्याचा) असतो. लोक कौतुकाने लोड बॅलन्सरला स्टॅटिक घेतात, तोच मेल करतात, आणि कॉलबॅक ब्लॉक झाला की दोन्ही टीम एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवत बसतात. सेबीचं फेब्रुवारी २०२५ चं रिटेल अल्गोचं (सामान्य गुंतवणूकदारांच्या ऑटोमॅटिक ट्रेडिंगचं) सर्क्युलर आलं तेव्हा पण हाच घोळ, त्यात स्टॅटिक आयपी मागितलाय तो ब्रोकरच्या एपीआयला ऑर्डर जिथून जाते तिथला. आमच्याकडे एकाने लगेच लोड बॅलन्सर बदलायचं तिकीट काढलं होतं. आधी समोरच्याला विचारा, तुम्ही आम्हाला कॉल करणार की आम्ही तुम्हाला.

अंबरनाथ_अर्ली:
सिक्युरिटीवालीचे दोन पैसे. टेम्पररी आकडा ए रेकॉर्डमध्ये (नावाला आकडा जोडणाऱ्या डीएनएस नोंदीत) टाकून ठेवता, एन्व्हायर्नमेंट पाडता, रेकॉर्ड तसाच राहतो. तो आकडा उद्या दुसऱ्या कोणाला मिळाला की तुमच्या सबडोमेनवर त्याचा सर्व्हर. लेट्स एन्क्रिप्टचं (साइट खरी असल्याचं) सर्टिफिकेटसुद्धा काढेल तो, कारण एचटीटीपी चॅलेंज (नाव तुमच्याच ताब्यात आहे का ही तपासणी) त्याच आकड्यावर येणार. डेव्हमध्ये हे सगळ्यात जास्त होतं, आणि बंड्या, तू नेमकं डेव्हलाच टेम्पररी म्हणतोयस.

बंड्या_भांडुप:
हा मुद्दा भारी आहे, पण स्टॅटिक सोडून देताना रेकॉर्ड काढायचा राहिला तरी हेच होणार. डेव्हला हाताने ए रेकॉर्ड टाकूच नये, रेकॉर्ड आणि लोड बॅलन्सर एकाच टेराफॉर्ममधून एकत्र उभे राहावेत आणि एकत्र पडावेत.

अंबरनाथ_अर्ली:
हाताने टाकू नये हे तुला माहितीय, इंटर्नला नाही.

दिवा_स्लो:
अझ्युअरने (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडने) तर वादच मिटवला, बेसिक पब्लिक आयपी ३० सप्टेंबर २०२५ ला रिटायर केला आणि स्टँडर्डवाला आयपीव्ही४ स्टॅटिकच असतो. निवड करायचा त्रास नको.

बीकेसी_नाइटशिफ्ट:
बंड्या, तुझं गुगलवर जे टेम्पररीवर चालू आहे ना, ते निदान आहे तोच आकडा ठेवून प्रमोट करून घे. चालू इफेमेरल स्टॅटिक करता येतो, डाउनटाइम नाही, क्लायंटला कळतही नाही. आणि टेराफॉर्ममध्ये त्या अ‍ॅड्रेसला प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (डिलीट होऊ न देणारी सेटिंग) लाव. नंतर घाल वाद साहेबांशी.

बंड्या_भांडुप:
प्रॉडक्शनचे बँकवाले तेवढे करतो. डेव्हला नाही लावणार, साहेबांना सांगतो लिमिट संपली.

मुलुंड_चेकनाका:
आकडे फायनल झाले की २५ तारखेच्या आत फॉर्म पाठवा हो, महिनाअखेरीला फ्रीझ (बदल बंद) असतो, मग कितीही अर्जंट म्हणालात तरी ५ तारखेनंतरच. आणि बाहेर जाणारा नॅटचा वेगळ्या ओळीत लिहा, एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन नको.