गोझो बेटावरचे दिवस : आपापले अनुभव लिहा

रानजाई
काल कपाट आवरताना २०१५ सालच्या माल्टा सहलीचा एक फोटो हाती लागला. गोझोच्या पश्चिम किनाऱ्यावर, द्वेय्रा येथे, समुद्रात उभ्या असलेल्या चुनखडीच्या कमानीसमोर आई उभी आहे, वाऱ्याने उडणारा पदर तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला आहे आणि कमानीतून पलीकडचे निळे पाणी दिसते आहे. ८ मार्च २०१७ रोजीच्या वादळात ती कमान खांबासकट समुद्रात कोसळली. गेल्या वर्षी आईही गेली. फोटो घेऊन बराच वेळ बसून राहिले. अवघ्या ६७ चौरस किलोमीटरच्या या बेटावर आपल्यापैकी जे कोणी गेले असतील, त्यांनी मनात राहिलेली एखादी जागा सविस्तर लिहावी, ही विनंती.

दुर्गवेडा
आईंबद्दल वाचून वाईट वाटले.

माझ्या मनात राहिला तो व्हिक्टोरिया शहरातील किल्ला. (१८८७ साली, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, शहराला हे नाव मिळाले, स्थानिक लोक आजही रबात असेच म्हणतात.) तटावर उभे राहिले की भोवतालची शेते, गावे आणि समुद्र एका नजरेत येतात, म्हणून आरंभी तो मला सुंदर वाटला होता. पुढे कळले की १५५१ च्या जुलैत सिनान पाशा आणि द्रागुत यांच्या ऑटोमन आरमाराने हा किल्ला काही दिवसांत घेतला आणि सुमारे ५,००० माणसे, म्हणजे बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती, गुलाम म्हणून नेली. त्यानंतर १६३७ पर्यंत बेटावरच्या लोकांनी रात्री किल्ल्यातच झोपावे, असा नियम होता. रायगडाचे दरवाजे सांजावताच बंद होत, हे आपण हिरकणीच्या गोष्टीत लहानपणापासून ऐकतो. तिची धडपड घरी तान्ह्या बाळाकडे पोहोचण्यासाठी होती, तर येथे दिवसभर शेतात राबलेली बाई पोरांना घेऊन, घर मागे टाकून, दरवाजा गाठत असणार. हे मनात आल्यावर तटावरून दिसणारी ती शेते मला पहिल्यासारखी पाहता आली नाहीत.

खाडीकाठ
आमची उरणला मिठागरे होती, त्यामुळे श्वेय्नीच्या किनाऱ्यावर मी तीन तास रमलो. आपल्याकडे मिठागर म्हणजे चिखल, बांध आणि भरतीचे पाणी. तेथे चुनखडीचा सपाट खडक खोदून चौकोनी कुंड्या केल्या आहेत, एकीला लागून दुसरी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. उन्हाळ्यात त्यांत समुद्राचे पाणी आटते. एक वयस्कर गृहस्थ मीठ झाडूने एका कडेला लोटत होते आणि झाडूखाली खड्यांचा जो खरखर आवाज येत होता, तो ऐकून मला आजोबांची आठवण झाली. एकमेकांची भाषा येत नसताना मी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून मान हलवली. त्यांनी माझा तळवा उघडून त्यावर मूठभर मीठ ओतले. ते अजून आमच्या देव्हाऱ्याजवळच्या बरणीत आहे.

मोगरा_७२
@खाडीकाठ, त्या मिठाने लोणचे घाला, असे सुचवणार होते. पण देव्हाऱ्याजवळ ठेवले आहे म्हणता, तर राहू द्या.

मला ता पीनूच्या चर्चबद्दल लिहायचे आहे. १८८३ साली कार्मनी ग्रीमा या शेतकरी बाईला तेथील जुन्या छोट्या देवळातून मेरीमातेची हाक ऐकू आली, अशी श्रद्धा आहे. आजची मोठी वास्तू नंतरची. वेदीमागच्या खोल्यांत भिंतभर कुबड्या, प्लास्टरचे साचे, बाळांची झबली आणि हाताने लिहिलेली आभारपत्रे आहेत. माझी मुलगी तेव्हा आजारातून नुकतीच उठली होती. एका पिवळ्या झबल्यापुढे मी उभी राहिले आणि मला रडू आवरले नाही. नवस बोलणे आणि तो फेडणे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पायवाट
आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो आणि जगांतियाच्या मंदिरांसाठी आम्हाला केवळ पंचवीस मिनिटे देण्यात आली, याची खंत अजून जात नाही. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या हजार वर्षे आधीची, इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची ही मंदिरे धातूच्या हत्यारांशिवाय उभी राहिली आणि तेथील काही दगड पाच मीटरहून उंच आहेत. पाठीवर मूल घेतलेल्या एका राक्षसिणीने ती बांधली, अशी दंतकथा आहे. आमच्या मार्गदर्शकाने ती सांगायला सुरुवात केली आणि बसचा भोंगा वाजला. कृपया कोणीही गोझो एका दिवसात उरकू नये. निदान एक रात्र तेथे मुक्काम करावा.

चिरकेव्वाचा_प्रवासी
मी चार वर्षे माल्टात नोकरीला आहे आणि @पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माल्टाच्या मुख्य बेटावरील चिरकेव्वा बंदराहून गोझोला बोट साधारण पंचवीस मिनिटांत पोहोचते आणि तिकीट परतीच्या वेळीच घेतात. त्यामुळे मुक्काम वाढला तरी जातानाचे वेगळे भाडे नाही. आणखी एक, माल्टी भाषा अरबी कुळातली आहे, पण लिपी रोमन. जगाला ते ‘दिन्या’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘क्तिब’. आपल्या दुनिया आणि किताब या शब्दांची ही भावंडे पहिल्यांदा कानावर पडली, तेव्हा परक्या गावात मला धीर आला होता.

@रानजाई, कमान गेली असली तरी द्वेय्राचा खडकाळ किनारा तसाच आहे. आई जेथे उभ्या होत्या, तेथपर्यंत आजही चालत जाता येते.

दुर्गवेडा
किल्ल्यातील कॅथीड्रलचा घुमट कोणी पाहिला का? बाहेरून छत सपाट आहे. आत १७३९ मध्ये कापडावर रंगवलेले चित्र आहे, आणि खालून पाहताना खरोखरच खोल घुमट वाटतो.

रानजाई
पाहिला. तो रंगवलेला आहे हे आईला पटेना, म्हणून ती दाराशी जाऊन पुन्हा मधोमध आली, मग बाकावर बसून मान वर करून पाहत राहिली. तिची मान दुखेल म्हणून मीच तिला उठवले होते.