राग विषमतेचा असतो की प्राधान्यक्रमाचा?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

पायवाट (प्रश्न)

विषमतेची आकडेवारी वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत असते आणि ती वाचून सहसा कोणी रस्त्यावर उतरत नाही. मात्र इंधनावरचा एखादा कर किंवा प्रवासभाड्यातली किरकोळ वाढ जाहीर झाली की तीच शांत माणसे सरकारला आणि कंपन्यांना धारेवर धरतात. फ्रान्समध्ये २०१८ च्या आरंभी संपत्ती कर रद्द होऊन त्याच्या जागी केवळ स्थावर मालमत्तेपुरता कर आला, तेव्हा टीका झाली, पण उद्रेक झाला नाही. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला इंधन करवाढीच्या विरोधात लोक पिवळी जाकिटे घालून चौकाचौकांत उभे राहिले आणि संपत्ती कर परत आणा, ही त्यांची एक ठळक मागणी होती. म्हणजे ती गोष्ट ते अकरा महिने मनात धरून होते. मग हा राग नेमका कशाचा समजायचा? वरच्यांकडे फार आहे याचा, की सवलत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा नंबर आधी लागला याचा?

उंबरठा

माझ्या मते दुसऱ्या गोष्टीचा, आणि त्यासाठी चिलीचे उदाहरण पाहावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये राजधानी सांतियागोच्या मेट्रोचे गर्दीच्या वेळेचे भाडे ३० पेसोंनी वाढले. त्यावर तिथल्या अर्थव्यवस्था खात्याच्या मंत्र्यांनी, जो लवकर उठेल त्याला कमी भाड्याचा लाभ मिळेल, अशा अर्थाचे विधान केले. पहाटे अंधारात घर सोडणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आधी तिकीट न काढता स्थानकांच्या फाटकांवरून उड्या मारल्या त्या शाळकरी मुलांनी, आणि गंमत अशी की विद्यार्थ्यांचे भाडे वाढलेलेच नव्हते. ती मुले आईवडिलांच्या वतीने उड्या मारत होती, असे म्हणायला हरकत नाही. 'प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे' ही घोषणा तिथलीच; ३० वर्षे म्हणजे १९९० मध्ये लोकशाही परतल्यापासूनची. भाडेवाढ मागे घेतल्यानंतरही, २५ ऑक्टोबरला, राजधानीत दहा लाखांहून अधिक लोक जमले. राग भाड्यापुरता असता, तर तो भाडेवाढीबरोबरच ओसरला असता.

शंकेखोर

उदाहरण चांगले आहे, पण ते अर्धेच सांगितले आहे. १९९० नंतरच्या तीन दशकांत चिलीतील गरिबी मोठ्या प्रमाणात घटली होती आणि उत्पन्नातील विषमताही, कायम चढी असली तरी, हळूहळू उतरत होती. पुढचा भाग तर कोणी सांगतच नाही: या आंदोलनानंतर २०२० मध्ये सुमारे ७८ टक्के मतदारांनी नवी राज्यघटना हवी असा कौल दिला, २०२२ मध्ये सुमारे ६२ टक्के मतदारांनी तिचा मसुदा फेटाळला आणि २०२३ मध्ये दुसराही मसुदा फेटाळला गेला. काय नको, यावर एकमत लवकर होते; काय हवे, यावर होत नाही. शिवाय भांडवल सीमा ओलांडू शकते आणि पगारदार सहसा ओलांडू शकत नाही, त्यामुळे करांच्या दरांत देशच एकमेकांच्या खाली बोली लावत राहतात. २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कराचे सूत्र मान्य केले, ते याच शर्यतीला वेसण घालण्यासाठी. प्रत्येक वेळी सरकारची नियतच खोटी असते, असे धरून चालणे मला पटत नाही.

जमाखर्च

हेतूबद्दल मी बोलत नाही, नोंदीबद्दल बोलतो. माझी बरीच वर्षे हिशेबाच्या कामात गेली. एका नोकरीत, एकाच आठवड्यात, सूचनाफलकावर दोन परिपत्रके शेजारी शेजारी लागली होती: एकात खर्चकपातीमुळे कर्मचाऱ्यांचा प्रवासभत्ता बंद केल्याचे कळवले होते, तर दुसऱ्यात भागधारकांना वाढीव लाभांश जाहीर झाल्याबद्दल सर्वांचे अभिनंदन होते. दोन्हींवर सही एकाच अधिकाऱ्याची होती. दुपारपर्यंत कोणीतरी दोन्ही कागदांना मिळून एकच टाचणी लावून ठेवली. घोषणा नाही, पत्रक नाही. पण व्यवस्थापनाला ती टाचणी चांगलीच टोचली, कारण दुसऱ्या दिवशी एक कागद फलकाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला दिसला.

हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही परिपत्रके बिनचूक होती. भत्ता हा खर्च असतो, तो कमी केला की नफा वाढतो. लाभांश किंवा स्वतःच्याच समभागांची पुनर्खरेदी हा खर्च मानलाच जात नाही, ते नफ्याचे आणि राखीव निधीचे वाटप ठरते. पुनर्खरेदीने बाजारातील समभागांची संख्या घटते, प्रतिसमभाग नफा फुगतो, आणि त्या आकड्याशी वरिष्ठांचे मानधन बांधलेले असेल तर तेही फुगते. अमेरिकेत १९८२ च्या एका नियमाने, ठरावीक अटी पाळल्यास, अशा खरेदीला बाजारभावात हेराफेरी केल्याच्या आरोपापासून संरक्षण मिळाले. तिच्यावर कर बसायला २०२३ उजाडावे लागले, आणि तोही १ टक्का.

सरकारी अंदाजपत्रकाची तऱ्हा फारशी वेगळी नाही. गरिबाला दिलेले अनुदान खर्चाच्या बाजूला ठळकपणे दिसते आणि दरवर्षी त्यावर वाद झडतो. कंपनीला दिलेली करसवलत मात्र न आलेला पैसा असते. ती फार तर एखाद्या परिशिष्टात 'सोडून दिलेला महसूल' म्हणून नोंदली जाते, आणि ती चालू ठेवायला बहुधा कोणाला हातही वर करावा लागत नाही. शंकेखोर म्हणतात तशी सरकारची अडचण खरी असेलही, पण ती अडचण एकाच्या बाबतीत धोरण म्हणून मांडली जाते आणि दुसऱ्याच्या बाबतीत शिस्त म्हणून.

पायवाट

जमाखर्च, आपल्या टाचणीने माझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले. फ्रान्समध्येही लोकांनी दोन कागद एकत्र टाचले, एवढेच. फक्त त्यांच्यात अकरा महिन्यांचे अंतर होते. शंकेखोरांना एकच विचारतो: करसवलतींचा आकडा अनुदानांच्या शेजारी, त्याच पानावर आणि त्याच जाडीच्या अक्षरांत छापायचा ठरवला, तर त्याने भांडवल देश सोडून जाईल का?

शंकेखोर

छापण्याने जाणार नाही. त्यानंतर सभागृहात जी चर्चा होईल, तिला घाबरून काहींचे जाऊ शकते. तरीही छापावा, हे मला मान्य आहे.