सोसायटीचा सचिव नेमायचा कुणी?

मांजराकाठ: जिल्हा बँक असो की गावची पीककर्ज देणारी सहकारी सोसायटी, भरती म्हणजे संचालकांच्या भाच्या-पुतण्यांची सोय. सगळी भरती सरकारनं ऑनलाइन परीक्षेनं करावी. संचालकांचा हात लागूच नये.

गोदातीर: हे वाचून राहवलं नाही. भागभांडवल सभासदाचं, पगार संस्थेच्या कमाईतून, अन् माणूस ठरवणार मुंबई? सहकारी संस्थांसाठीच्या ९७व्या घटनादुरुस्तीनं कलम ४३ब आणलं, त्यात 'स्वायत्त कारभार' आहे. २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या दुरुस्तीतला राज्यांच्या संस्थांचा भाग रद्द केला, ४३ब शाबूत राहिलं. सहकारी पतपुरवठा सावरायला नेमलेल्या वैद्यनाथन समितीनंही नोकरभरतीची मोकळीक संस्थांनाच द्या म्हटलं होतं.

मांजराकाठ: ४३ब पुढं वाचा. 'व्यावसायिक व्यवस्थापन'ही त्यातच आहे. ताळेबंद न कळणारा पुतण्या कोणत्या व्यवस्थापनात बसतो?

बालाघाट: बँकेचंच चाललंय. गावोगावच्या सोसायट्या सांभाळणाऱ्या गटसचिवाचं कोण बोलणार? माझे वडील गटसचिव, देखरेख संस्थेच्या केडरमध्ये होते, म्हणजे नेमणूक-बदली सोसायटीच्या नव्हे, जिल्ह्याच्या त्या संस्थेच्या हातात. एका माणसाकडं तीन गावं. मार्च आला की नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलणं, करून घ्यायला दारोदार. लोक सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलून भरणा करायचे, तेव्हा कुठं खातं चालू राहायचं. वसुली घसरली की वडिलांचा पगार बंद. बँक म्हणायची देखरेखीकडं जा, देखरेख म्हणायची सोसायट्या वर्गणी भरत नाहीत, चेअरमन म्हणायचा दुष्काळ आहे. २०१७ च्या कर्जमाफीच्या याद्या भरताना रात्र-रात्र जागले, तेव्हाही पगार थकलेलाच.

गोदातीर: मी तेच म्हणतोय! नेमणार एक, पगार देणार दुसरा. सोसायटीलाच नेमू द्या.

बालाघाट: माझ्या वडिलांना तुमच्या बाजूनं उभं करू नका. चेअरमनच्या भावाचं नाव थकबाकीदारांत होतं, ते काढायला वडिलांनी नकार दिला. चेअरमनच्या हातात असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. केडर होतं म्हणून बदलीवर निभावलं.

गोदातीर: एका चेअरमनवरून सगळा सहकार मोजू नका. आमच्या गावात सभासदांनीच आमसभेत असल्या चेअरमनला पाडलंय.

मांजराकाठ: पाडेपर्यंत पाच वर्षं जातात, तोवर पुतण्या कायम होतो! बरं, परजिल्ह्यातलं पोरगं तीन गावच्या वसुलीला टिकणार नाही, एवढं मान्य. सोसायटीचं सोडतो. जिल्हा बँकेचं नाही सोडणार. तिथं ठेवी आमच्या आहेत.

बालाघाट: परीक्षा घ्या नाहीतर ठराव करा. दर महिन्याच्या पगाराची हमी कोण घेणार, ते दोघंही सांगा.