मदत हवी आहे: सर्लचा अमेरिकन सैनिक आणि ग्राइस

एमएच्या पेपरसाठी स्पीच अ‍ॅक्ट्स (म्हणजे बोलण्यातून केलेल्या कृती: ताकीद, वचन वगैरे) वाचतोय, एका ठिकाणी गाडी अडलीये. तत्त्वज्ञ ग्राइसचं १९५७ चं म्हणणं थोडक्यात असं की बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यावर काहीतरी परिणाम घडवायचा असतो, आणि तो परिणाम आपला हेतू ओळखला गेल्यामुळेच घडावा असंही त्याला वाटत असतं, तोच अर्थ. यावर दुसरा तत्त्वज्ञ सर्ल १९६९ च्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातला सैनिक आणतो: अमेरिकन, इटालियन लोकांनी पकडलेला, जर्मन येत नाही, शाळेत पाठ केलेली जर्मन कवितेची एक ओळ तेवढी आठवते, तीच ठोकून देतो की यांना वाटावं मी जर्मन अधिकारी आहे (भारी डोकं आहे राव). ग्राइसला हवे ते हेतू सगळे आहेत, पण म्हणून त्या ओळीचा अर्थ 'मी जर्मन अधिकारी आहे' होतो का? सर्ल म्हणतो नाही, भाषेचे नियम, संकेत (म्हणजे लोकांत ठरून गेलेल्या रूढी) हवेतच.

इथवर पटतं. पण मग आणखी एक तत्त्वज्ञ स्ट्रॉसन, त्याचं १९६४ चं उदाहरण घ्या, कोणीतरी स्केटिंग करणाऱ्याला म्हणतं तिकडे बर्फ पातळ आहे, ही ताकीदच ना, पण ताकीद ठरवणारा संकेत कुठला? शब्दांचा अर्थ संकेताने आणि ताकीद हेतूने अशी वाटणी चालेल का? कोणी शिकवत असेल तर प्लीज सांगा, सरांना विचारलं तर म्हणतात ऑस्टिन (ज्याने स्पीच अ‍ॅक्ट्सचा विचार मांडला तो) परत वाच.