१७ वर्षांच्या मुलावर कलम १०९ लागलं तर खटला मोठ्यांसारखा चालतो का?

पायवाट
मुलाचं वय १७ वर्षं ३ महिने. क्लासबाहेर हाणामारी, फिर्यादीत कोयत्याचा उल्लेख, जखमीच्या डोक्याला टाके. सोबतचा एक जण १९ वर्षांचा. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न लावलंय. सगळे सांगताहेत की '१६ च्या वर आहे, आता मोठ्यांसारखीच केस चालणार, जन्मठेपेचं कलम आहे'. हे खरं आहे का? जामिनाचं काय? आणि पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत हे निघतं का?

निशिगंध
नाही. इथे बहुतेक जण कमाल शिक्षा बघतात आणि घाबरतात. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये बघायची असते ती किमान शिक्षा.

'निर्घृण' गुन्हा (कोर्टात सगळे 'हीनस'च म्हणतात) कोणता? ज्याला किमान ७ वर्षं किंवा जास्त कैद आहे तो. कलम १०९ ला जन्मठेपेपर्यंत जाता येतं, पण किमान शिक्षा ठरवून दिलेली नाही. म्हणून तो 'गंभीर' गुन्ह्यात मोडतो, निर्घृणमध्ये नाही. शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हेच सांगितलं. २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्याच्या व्याख्येतच आलं आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे.

१६ च्या वरच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे बघायला कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन असतं, आणि ते फक्त निर्घृण गुन्ह्यात होतं. तेव्हा नुसतं १०९ असेल तर ते होणारच नाही. प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच संपेल. आरोप सिद्ध झाला तरी समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड, परिविक्षा (देखरेखीखाली सुटका) किंवा फार तर ३ वर्षं विशेषगृह (सुधारगृह).

पण सावध राहा. मोबाइल किंवा पैसे हिसकावल्याचं एक वाक्य फिर्यादीत आलं आणि त्यावर कलम ३११ चढलं (जबरी चोरीत घातक शस्त्र), तर तिथे किमान ७ वर्षं आहेत. एका कलमाने चित्र पालटतं. पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा) कलम ४ चंही तसंच, किमान १० वर्षं. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलामुलींचं शरीरसंबंधांपर्यंत गेलेलं प्रेमप्रकरणही थेट निर्घृणच्या रकान्यात जातं, जे माझ्या मते या वर्गवारीचं सगळ्यात विचित्र टोक आहे. एफआयआरची प्रत घ्या आणि प्रत्येक कलमासमोर किमान शिक्षा पेन्सिलीने लिहून काढा.

चष्मेवाला
मग पुण्याच्या पोर्शे प्रकरणात मोठ्यांसारखा खटला चालवा अशी मागणी कशी झाली? निबंध लिहून सुटला म्हणून एवढी बोंब झाली होती.

निशिगंध
मागणी पोलीस करू शकतात, ठरवतं मंडळ. मे २०२४ च्या कल्याणीनगर प्रकरणात जुन्या आयपीसीचं कलम ३०४ (सदोष मनुष्यवध) होतं, त्यालाही किमान ७ वर्षं नाहीत. जुलै २०२५ मध्ये मंडळाने ती मागणी फेटाळली. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. नंतर मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं ते बेकायदा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये म्हटलं, कारण जामीन रद्द झालेलाच नव्हता.

कौलारू
पायवाट, जामिनाबद्दल. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ मध्ये गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हा प्रश्नच उरत नाही. जामीन हा नियम. नाकारायला तीनच कारणं: सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा सुटकेने न्यायाचा हेतूच फसेल. कारणं लेखी द्यावी लागतात. 'गुन्हा गंभीर आहे' एवढंच कारण पुरत नाही. जामीन मिळूनही ७ दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलून घ्यायच्या असतात. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं आणि जामीनदार मिळत नाही म्हणून मूल आतच राहतं.

पहिल्या दिवशी: ताबा विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे. लॉकअप नाही, बेडी नाही, अधिकारी साध्या वेशात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे हजर करता येतं, त्यामुळे 'मंडळ सोमवारी बसतं' ही सबब चालत नाही. मुलाची कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही. गडबड होते ती वेळेत: रात्री आठला आणलं आणि कागदावर सकाळी अकरा. आणल्याची वेळ घरच्यांनी लगेच कुणाला तरी मेसेज करून ठेवावी.

१९ वर्षांचा सोबत असल्यामुळे एफआयआर होणं नियमात बसतं. एकटा अल्पवयीन असता तर निर्घृण नसलेल्या गुन्ह्यात फक्त स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, असं २०१६ च्या आदर्श नियमांत आहे. मात्र दोघांची सुनावणी एकत्र होत नाही, कलम २३.

दप्तरदार
वयाचे कागद आजच काढा. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. तिच्यात एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतातच, म्हणून कागद असताना चाचणीला होकार देऊ नका. आधार या यादीत नाही. शाळेतून नुसतं बोनाफाईड आणू नका, जनरल रजिस्टरच्या त्या पानाचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. त्यात आडव्या रेघा मारून तारीख बदललेली असेल तर समोरचा वकील तेच पान धरून बसतो.

मोजायचं वय गुन्ह्याच्या दिवशीचं. सुनावणीच्या काळात मुलगा १८ पूर्ण झाला म्हणून काही बदलत नाही.

आणि परिविक्षा अधिकारी घरी येतील तेव्हा दार अर्धवट उघडून बोलू नका. शाळेतली हजेरी, मित्र, घरातली भांडणं, व्यसन, सगळं विचारतील. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळ खरोखर वाचतं.

निशिगंध
पडताळणीचं राहिलं. कलम २४ प्रमाणे दोषी ठरला तरी कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद फक्त १६ च्या वरचा आणि बाल न्यायालयात (हे मंडळाहून वेगळं) मोठ्यांसारखा खटला चाललेला. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही, कलम ७४(२).

त्याच कलमात मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो छापायला बंदी आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गल्लीतल्या न्यूज चॅनेलने तोंड धूसर करून शाळेचा बोर्ड दाखवला तरी त्यात येतं. स्क्रीनशॉट तारखेसह काढून मंडळाला अर्ज द्या.

पायवाट
एफआयआर बघितली. ३११ नाही. दाखला उद्या आणतोय.